ट्यूबवरचं बारीक अक्षर: होम्सबर्गच्या तुरुंगापासून कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले माझे पन्नास ‘म्हणजे’ आणि तीस ‘अ‍ॅक्च्युअली’ काढून टाकलेत, बाकी बरंचसं बोललो तसंच ठेवलंय. ज्यांनी ऐकलंय त्यांनी शेवटाकडे उडी मारली तरी चालेल.

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला माझ्या धाकट्या मावसबहिणीचा मेसेज आला. ती कोल्हापूरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. एका ट्यूबचा फोटो आणि खाली, “दादा, हे लावू का पिंपल्सवर? मैत्रिणीला चार दिवसांत फरक पडला.” मी फोटो मोठा करून ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचलं. हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के. आणि मी तिला थेट फोन लावला. एवढ्या रात्री दादाचा फोन म्हणजे घरात काहीतरी झालं असं तिला वाटलं, बिचारी घाबरली.

फोन का लावला ते सांगतो. २०१६ साली मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, हॉस्टेलवर. गालांवर आणि कपाळावर मुरुम. फार नव्हते, पण त्या वयात दोन मुरुमसुद्धा दोनशे वाटतात. कॉलेजच्या गेटबाहेरच्या मेडिकलमध्ये गेलो. मेडिकलवाल्या काकांनी माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं, मागे वळले आणि एक ट्यूब काउंटरवर ठेवली. “रात्री लाव, गोरा पण होशील.” चार दिवसांत लाली गेली. दोन आठवड्यांत चेहरा असा की आईनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, “काय रे, काय खातोस?” मी ती ट्यूब सात महिने लावली. थांबवली की तिसऱ्या दिवशी चेहरा पेटायचा, म्हणून परत लावायची. सातव्या महिन्यात गालांवर बारीक लाल रेषा दिसायला लागल्या, उन्हात गेलं की आग व्हायची, आणि मुरुम? पहिल्यापेक्षा तिप्पट. ज्या त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे शेवटी गेलो त्यांनी ट्यूब हातात घेऊन एवढंच विचारलं, “ही तुम्हाला कोणी दिली?”

तेव्हा मला वाटलं होतं की ट्यूबमध्ये काहीतरी भेसळ असणार. नव्हती. आत जे लिहिलं होतं तेच होतं. त्या मिश्रणाचा माग काढत गेलो, तेव्हा एका अमेरिकन डॉक्टरपाशी आणि एका तुरुंगापाशी येऊन पोचलो. आजचा भाग त्याबद्दल आहे.

आधी थोडं मागे जाऊ. मुरुम काही नवा आजार नाही. सुश्रुतसंहितेत तरुणांच्या चेहऱ्यावर येणाऱ्या पुटकुळ्यांना ‘मुखदूषिका’ म्हटलंय आणि त्यांची तुलना काटेसावरीच्या काट्यांशी केलीय. ज्यांनी काटेसावरीचं खोड जवळून बघितलंय त्यांना ही उपमा किती अचूक आहे ते कळेल. आपल्याकडे लेप होते, युरोपात गंधकाची मलमं होती. विसाव्या शतकात अमेरिकेत तर मुरुमांवर चक्क क्ष-किरण देत. १९५०च्या दशकापर्यंत हा सर्रास उपचार होता, आणि त्यातल्या काही रुग्णांना पुढे थायरॉइडचा कॅन्सर झाला. मुरुम हा ‘किरकोळ’ आजार असल्यामुळे त्याच्यावर काहीही करून बघायला लोक कायम तयार असतात.

मुरुम होतो कसा, हे दोन वाक्यांत. त्वचेवरच्या केसाच्या छिद्राला तेलाची एक ग्रंथी जोडलेली असते; आतल्या मृत पेशी नीट गळून न पडता एकमेकींना चिकटतात आणि छिद्राला बूच बसतं. त्या बुचामागे तेल साचतं, तिथे जिवाणू वाढतात, शरीर त्यांच्यावर चाल करतं, आणि आपल्याला दिसतो तो लाल फोड. म्हणजे लाल फोड ही शेवटची पायरी, खरी भानगड बुचाची. गंधक किंवा साबण त्या बुचापर्यंत धड पोचत नव्हते.

आता फिलाडेल्फिया. अल्बर्ट क्लिगमन हा माणूस मूळचा बुरशीचा अभ्यासक. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात पीएच.डी., मग तिथूनच डॉक्टरकी, मग त्वचारोग. १९५१ साली शहरातल्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या पायांना बुरशीचा संसर्ग पसरला होता, म्हणून तुरुंगानं त्याला बोलावलं. तो आत गेला आणि पुढे १९७४ पर्यंत त्याचं काम तिथे चालू राहिलं. १९६६ मध्ये त्यानं एका वार्ताहराला सांगितलं होतं की आत पाऊल टाकल्यावर त्याला समोर एकरच्या एकर त्वचा दिसली, शेतकऱ्याला पहिल्यांदाच सुपीक जमीन दिसावी तशी. अ‍ॅलन हॉर्नब्लम या लेखकानं १९९८ साली या प्रकरणावर पुस्तक लिहिलं, त्याचं नावच ‘एकर्स ऑफ स्किन’.

तुरुंगात माणसं कोण होती? बहुतेक कृष्णवर्णीय, गरीब. बरेच तर अजून दोषीसुद्धा ठरले नव्हते, खटल्याची वाट बघत होते आणि जामिनाला पैसे नव्हते. तुरुंगातल्या कामाला दिवसाला काही सेंट मिळत. पाठीवर पट्टी लावून घेतली की काही डॉलर. कागदावर सही घेतली जायची, पण त्या पट्टीखाली काय आहे हे सहसा सांगितलं जायचं नाही. शांपू, पावडर, डिओडरंट यांच्यापासून ते सैन्यासाठीच्या रसायनांपर्यंत सगळ्याच्या चाचण्या तिथे झाल्या.

त्यातली एक गोष्ट आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. डाव केमिकल या कंपनीला तिच्या कारखान्यातल्या कामगारांच्या चेहऱ्यावर येणाऱ्या एका विचित्र मुरुमाचं कारण शोधायचं होतं. संशय डायॉक्सिनवर होता. १९६०च्या दशकाच्या मध्यात क्लिगमननं ते कैद्यांच्या त्वचेवर लावलं. ठरलेल्या मात्रेनं काही होईना, तेव्हा त्यानं दहा जणांवर कंपनीनं ठरवलेल्या मात्रेच्या शेकडो पट मात्रा वापरली. आठ जणांना मुरुम आले आणि ते महिनोन् महिने राहिले. हे वाचताना मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो. मुरुम बरे करण्यासाठी जगभर ओळखला जाणारा माणूस मुद्दाम मुरुम उगवत होता.

आणि याच माणसानं, याच वर्षांत, ते बूच कसं काढायचं हे शोधलं.

अ जीवनसत्त्वाचा त्वचेच्या पेशींवर परिणाम होतो हे माहीत होतं. जर्मनीत ग्युंटर श्ट्युटगेन यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं आम्लरूप, म्हणजेच ट्रेटिनॉइन, त्वचेच्या काही आजारांवर लावून बघितलं होतं. क्लिगमननं ते मुरुमांवर आणलं. १९६९ मध्ये फुल्टन आणि प्लेविग या सहकाऱ्यांबरोबर त्याचा निबंध छापून आला, आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं ‘रेटिन-ए’ला मुरुमांसाठी मंजुरी दिली. हे औषध फोड दाबत नव्हतं. पेशी वेळेवर गळून पडाव्यात अशी व्यवस्था करत होतं, म्हणजे बूच तयारच होऊ नये. आज मुरुमांवर जी रेटिनॉइड क्रीम्स दिली जातात, ती सगळी याच वाटेनं आलेली. शोध खरा होता, अस्सल होता, आणि होम्सबर्गच्या कैद्यांच्या त्वचेवर उभा होता.

जाता जाता एक गंमत. चॉकलेट खाल्ल्यानं मुरुम येत नाहीत असं जे कोणी छातीठोकपणे सांगतं ना, त्याचं मूळ बऱ्याचदा १९६९च्याच एका निबंधात असतं. तोच क्लिगमन, तेच सहकारी. ६५ जण घेतले, त्यातले ३५ कैदी. एका गटाला चॉकलेट, दुसऱ्याला चॉकलेटसारखी दिसणारी वडी. फरक पडला नाही. पण त्या दुसऱ्या वडीतही साखर आणि स्निग्ध पदार्थ भरपूर होते, आणि अभ्यासाला पैसा चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचा होता! आमच्याकडे असा टेस्ट रिपोर्ट कोणी दिला तर कोड रिव्ह्यूमध्ये परत पाठवतात.

१९७२ मध्ये टस्कीगीचं प्रकरण बाहेर आलं, अमेरिकेत माणसांवरच्या प्रयोगांबद्दल संताप उसळला आणि १९७४ मध्ये होम्सबर्गमधले प्रयोग थांबले. २००० साली जवळपास तीनशे माजी कैद्यांनी दावा लावला. मुदत उलटून गेली या कारणानं तो फेटाळला गेला. क्लिगमन २०१० मध्ये वारला, त्यानं शेवटपर्यंत काही चुकलं असं मानलं नाही. विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेनं २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहरानं २०२२ मध्ये माफी मागितली. तोवर त्यातले कित्येक जण हयात नव्हते.

इथे भाग संपवता आला असता. पण माझ्या ट्यूबचं काय? तिच्यात ट्रेटिनॉइन तर होतं. मग घोळ कुठे झाला?

घोळ १९७५ मध्ये आहे. त्या वर्षी क्लिगमन आणि विलिस यांनी एक वेगळं मिश्रण छापलं, मुरुमांसाठी नाही तर चेहऱ्यावरच्या काळ्या डागांसाठी, वांगासाठी. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. कल्पना हुशारीची होती. हायड्रोक्विनोन रंग कमी करतं, ट्रेटिनॉइन त्याला आत जायला मदत करतं आणि या दोघांमुळे होणारी जळजळ स्टेरॉइड शांत करतं. त्वचारोगाच्या जगात याला आजही ‘क्लिगमन फॉर्म्युला’ म्हणतात. वांगासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली, थोडे आठवडे. अमेरिकेत २००२ मध्ये याच धर्तीच्या क्रीमला मंजुरी मिळाली तेव्हा त्यात सौम्य स्टेरॉइड होतं आणि वापर आठ आठवड्यांपर्यंतच, असं स्पष्ट होतं.

आपल्याकडे काय झालं? त्याच फॉर्म्युल्यात जास्त ताकदीचं मोमेटासोन आलं, आणि ट्यूब काउंटरवर आली. कायद्यात फट होती. शेड्यूल एच म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची यादी. स्टेरॉइड्स त्या यादीत होती, पण बाहेरून लावायच्या मलमांना सूट होती. त्यामुळे माझ्या मेडिकलवाल्या काकांना चिठ्ठी मागायची गरजच वाटली नाही. गोरं होण्याची हौस आपल्याकडे किती, ते मी सांगायला नको. लग्नाच्या बायोडेटात अजून ‘वर्ण: गोरा’ असा रकाना असतो.

स्टेरॉइड मुरुमावर लावलं की चार दिवसांत फरक का दिसतो? कारण लाली म्हणजे शरीराची प्रतिक्रिया, आणि स्टेरॉइड नेमकी तीच दाबतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरवर एरर येतायत म्हणून तुम्ही अलर्टच बंद केले. डॅशबोर्ड हिरवागार. आत बूच तसंच, जिवाणू मजेत. मग हळूहळू त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्यांच्या रेषा दिसायला लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, आणि स्टेरॉइड स्वतःच मुरुम आणतं. थांबवलं की सगळं उसळून वर येतं, म्हणून माणूस परत लावतो. माझे सात महिने असेच गेले.

मी एकटा नव्हतो. २०११ साली भारतातल्या बारा केंद्रांवरच्या त्वचारोगतज्ज्ञांचा एक अभ्यास छापून आला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले, त्यातले ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. निम्म्याहून जास्त लोकांना ते डॉक्टर नसलेल्या कोणीतरी सुचवलं होतं. साधारण चौघांतला एक जण ते मुरुमांसाठी लावत होता. आणि दुष्परिणामांत सगळ्यात जास्त आढळला तो कोणता? मुरुम. आपल्या डॉक्टरांनी या अवस्थेला नावच दिलंय, ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’. त्यांच्या संघटनेनं वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि मार्च २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइडच्या मलमांची ती सूट काढून घेतली गेली. कागदावर. बहिणीच्या मैत्रिणीनं ती ट्यूब कुठून आणली ते मी विचारलं. कॉलेजच्या गेटबाहेरून. चिठ्ठी? “कसली चिठ्ठी, दादा?”

होम्सबर्गच्या माणसांशी मी माझी बरोबरी करत नाहीये, ती होऊच शकत नाही. मी पैसे देऊन, स्वतःच्या पायांनी दुकानात गेलो होतो. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्यांनाही पट्टीखाली काय आहे ते सांगितलं नव्हतं, आणि मलाही कोणी सांगितलं नाही. माझ्या बाबतीत निदान ते ट्यूबवर छापलेलं तरी होतं. वाचलं मात्र मी नाही.

बरं, मग लावायचं काय? फोनवर बहिणीनंही हेच विचारलं, जरा वैतागून. “इतिहास राहू दे दादा, माझ्या तोंडाचं बोल.”

तर, मी डॉक्टर नाही, आणि तिला मी पहिल्यांदा डॉक्टरकडेच पाठवलं. पण माझ्या डॉक्टर मॅडमनी मला आठ वर्षांपूर्वी जे समजावलं आणि त्यानंतर मी जे वाचलं ते सांगतो. सौम्य ते मध्यम मुरुमांना मुख्यतः दोन प्रकारची क्रीम्स किंवा जेल असतात. एक, रेटिनॉइड: ट्रेटिनॉइन, किंवा त्याचं नंतरचं भावंड अ‍ॅडापॅलीन. अ‍ॅडापॅलीनला अमेरिकेत १९९६ मध्ये मंजुरी मिळाली, त्वचेला ते तुलनेनं कमी झोंबतं, आणि २०१६ पासून तिथे ०.१ टक्क्याचं जेल चिठ्ठीशिवाय मिळतं. दोन, बेन्झॉइल पेरॉक्साइड, जे जिवाणू मारतं आणि ज्याला जिवाणू सरावत नाहीत. म्हणून क्लिंडामायसिनसारखं अँटिबायोटिक जेल एकटंच महिनोन् महिने लावू नये, सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड असावं असं डॉक्टर सांगतात. याचा एक तोटा: कापडाचा रंग उडवतं. माझ्या निळ्या उशीच्या अभ्र्यावर भारताच्या नकाशासारखा पांढरा डाग आहे. पांढरा टॉवेल वापरा.

रेटिनॉइड रात्री, तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर, वाटाण्याच्या दाण्याएवढं, अख्ख्या चेहऱ्याला. नुसतं फोडावर टिपका लावून उपयोग नाही, कारण उद्याचं बूच आज दिसत नसतं. डोळ्यांच्या कडा, ओठ, नाकाचे कोपरे सोडायचे. सुरुवातीला एक रात्र सोडून एक रात्र, वरून साधं मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन, ढगाळ असलं तरी. ट्रेटिनॉइन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड एकावर एक फासू नका, दुसरं पहिल्याला निकामी करू शकतं. अ‍ॅडापॅलीनला तो त्रास नाही, पण दोन्ही एकदम सुरू केली तर चेहरा सोलून निघेल. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर रेटिनॉइड नको, डॉक्टरांना आधी सांगा. बेन्झॉइल पेरॉक्साइड नवीन असेल तर तीन दिवस एखाद्या छोट्या जागेवरच लावून बघा. क्वचित कोणाला तीव्र अ‍ॅलर्जी होते, तोंड सुजलं किंवा श्वास अडला तर थेट दवाखाना गाठा. आणि दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, तर क्रीमच्या भरवशावर बसू नका.

सगळ्यात अवघड भाग वेळेचा. पहिले काही आठवडे सालं निघतात, कोरडं पडतं, कधी मुरुम वाढल्यासारखे वाटतात. खरा फरक आठ ते बारा आठवड्यांनी. स्टेरॉइडच्या चार दिवसांसमोर हे बारा आठवडे कायम हरतात, दुकानातही आणि हॉस्टेलवरही.

बहीण चौथ्या दिवशी डॉक्टरकडे गेली. अ‍ॅडापॅलीन दिलंय, एक दिवसाआड. मैत्रिणीलाही सोबत नेलं होतं, तिची ती ट्यूब डॉक्टरांनी काढून घेतली आणि तिला स्टेरॉइड कसं कमी करत जायचं ते लिहून दिलंय, तिचं प्रकरण लांबणार आहे. काल बहिणीचा परत मेसेज होता: “तिसरा आठवडा. नाकाची सालं निघतायत. कार्टून दिसतेय. फोटो मागू नकोस.” मी मागितला नाही. उरलेले नऊ आठवडे मोजतोय.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, घरातल्या औषधांच्या डब्यात एखादी अर्धी वळवलेली ट्यूब असेल, तर आज तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा आणि नावं मला कळवा. ‘-सोन’, ‘-सोल’ किंवा ‘-लोन’ असा शेवट किती ट्यूबवर सापडतो ते बघू. काही नुसत्या बुरशीच्या मलमांच्या नावाचा शेवट ‘-झोल’ असा मिळताजुळता असतो, तेव्हा लगेच घाबरू नका, आधी मेडिकलवाल्यांना नाही तर डॉक्टरांना विचारा.